मानखुर्दचं स्टेशन नेमकं कुणासाठी?

मेट्रो 2ब आणि हार्बर लोकल मानखुर्दला जोडल्या की विकास दारात येईल, असं सांगितलं जातं. कुणाच्या दारात, हे आपण विचारायला हवं.

कुर्ला-चेंबूर फाटा 1906 मध्ये टाकला गेला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. त्यावर प्रवासी बसले 1924 मध्ये. म्हणजे कचऱ्याला गाडी आधी मिळाली, माणसाला नंतर! देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 चं, महाडच्या सत्याग्रहाच्या सालचं.

पुढे हा मार्ग मानखुर्दपर्यंत आला आणि तिथेच थांबला. 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला गेली, तेव्हा हे शेवटचं स्टेशन वाटेवरचं झालं. नंतर रेल्वेच्या विस्तारासाठी रुळांकडेच्या झोपड्या हटवल्या आणि त्यातली हजारो कुटुंबं लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणून ठेवली. 2004-05 च्या पाडकामात मंडाळ्याची वस्ती उद्ध्वस्त झाली; मेट्रोचा डेपोही मंडाळ्यातच. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभागाचा निर्देशांक 0.05, शहरात सर्वांत खाली. जमीन आमची वस्ती देते, वेग दुसऱ्यांना मिळतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेनेही तो 1924 मध्ये मान्य केला. तरी चवदार तळ्यापर्यंत पोचायला 1927 उजाडावं लागलं, तेही बाबासाहेबांच्या मागून चालत जाऊन. ठराव होता, वाट नव्हती. स्टेशनचंही तसंच आहे. फलाटावरून थेट मेट्रोत नेणारा पूल झाला, तर पनवेलहून बीकेसीला जाणाऱ्याची सोय होईल. ती व्हावीच. पण वस्तीच्या बाजूला जिना, लिफ्ट आणि धड फुटपाथ नसेल, तर पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या बाईला त्या पुलाचा काय उपयोग? लोकलचं किमान तिकीट 5 रुपये, मेट्रोचं 10. रोज दोन्ही काढायची तर नाक्यावरच्या मजुराने कुठून काढायची? दोन्हींना मिळून एकच स्वस्त मासिक पास हवा.

फलाट रेल्वेचा, मेट्रो एमएमआरडीएची, फुटपाथ महापालिकेचा. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. म्हणून माहिती अधिकारात तिन्हींकडे स्वतंत्र अर्ज टाका: कोणत्या बाजूला किती दारं, पूल किती रुंद, लिफ्ट कुठे, वस्तीकडचा रस्ता कुणाच्या ताब्यात. नकाशाची प्रत मागा, ती वस्तीत भिंतीवर लावा आणि आयाबहिणींना तिच्यासमोर उभं करून विचारा, तुम्ही येता कुठून?

जय भीम.