कणभौतिकीतले प्रोग्रामर : काम मोठे, नोकरी मुदतीची

कणभौतिकीच्या संशोधनात नोंदी मिळवण्यापेक्षा त्या वेळेत तपासणे अवघड झाले आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे. त्यात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. सगळ्या नोंदी साठवणे शक्यच नाही. कोणती ठेवायची ते तिथल्या तिथे ठरवावे लागते आणि टाकलेली नोंद परत मिळत नाही.

तेथील एलएचसीबी प्रयोगाने २०२२ पासून ही पहिली चाळणी संपूर्णपणे ग्राफिक्स प्रोसेसरवर सोपवली आहे. व्हिडिओ गेममुळे वाढलेल्या या चिप्स हजारो आकडेमोडी एकाच वेळी करतात. त्यांच्यापुढे सेकंदाला सुमारे ४ टेराबाइट माहिती येते.

यालाच समांतर संगणन म्हणतात. बँकेत वीस जणांनी नोटांची बंडले वाटून घेतली की मोजणी झपाट्याने होते. पण सर्वांना एकाच वहीत नोंद करायची असेल तर वहीपुढे रांग लागते. ही रांग लागू नये अशी कामाची वाटणी करणे, हे या प्रोग्रामरचे खरे कौशल्य. त्यासाठी प्रोग्रामिंगबरोबर भौतिकशास्त्रही कळावे लागते.

येत्या काही वर्षांत कोलायडरची क्षमता वाढवून टकरींची संख्या कित्येक पटींनी वाढवली जाणार आहे. म्हणजे अशी माणसे लागणारच. परंतु यांतली बरीच पदे प्रकल्पाच्या अनुदानावर, दोन-तीन वर्षांच्या मुदतीची असतात. विद्यापीठांत बढती शोधनिबंधांवर मिळते, त्यामुळे उत्तम प्रोग्राम लिहिणारा मागे राहतो. ग्राफिक्स प्रोसेसर जाणणाऱ्यांना खासगी कंपन्या भरपूर पगार देतात. ज्यांच्यावर प्रयोगाची भिस्त आहे त्यांनाच स्थैर्य नाही, हा हिशेब फार काळ जुळणार नाही असे आम्हाला वाटते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. कोलायडरच्या उभारणीत आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा वाटा आहे. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे भारतीयांना तेथील मुदतीच्या पदांसाठी व फेलोशिपसाठी अर्ज करता येतो.

आपल्या मुलामुलींना ही वाट खुणावत असेल तर पालकांनी अडवू नये, असे आमचे मत आहे. सी प्लस प्लस, गणित आणि समांतर प्रोग्रामिंग यांचा पाया पक्का असला, तर मुदत संपल्यावर हवामान, औषधनिर्मिती, बँकिंग अशा क्षेत्रांतही तो उपयोगी पडतो. मात्र अर्ज करताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : पद किती मुदतीचे, मुदतवाढ कशावर ठरते आणि केलेल्या कामाचे श्रेय कोणाच्या नावावर लागते. संस्थेच्या नावाचे दडपण घेऊन हे प्रश्न टाळू नयेत.