उताऱ्यावरचें उत्तर कोणाचें?

इंग्रजीच्या तासाला उताऱ्यावरील प्रश्न सोडवितांना पुष्कळ विद्यार्थी एक सोपी युक्ति योजितात. प्रश्नांतील एखादा शब्द उताऱ्यांत शोधावयाचा, तो ज्या वाक्यांत सांपडेल तें वाक्य जसेंच्या तसें उतरून घ्यावयाचें, आणि पुढील प्रश्नाकडे वळावयाचें. उत्तर बहुधा बरोबर ठरतें, गुणही मिळतात, आणि आईबापांना समाधान वाटतें. परंतु तें उत्तर त्या विद्यार्थ्याचें असतें काय, हा प्रश्न शिक्षक व पालक या दोघांनींही विचारावयास हवा.

ही युक्ति किती पोकळ आहे, हें मराठींतच पाहूं. 'टुमण्या झिरव्यानें भोकट खुरडला.' या वाक्याला कांहींएक अर्थ नाहीं. तीं नुसतीं जुळविलेलीं अक्षरें आहेत. तरी विचारा, भोकट कोणी खुरडला? झिरव्यानें. झिरवा कसा होता? टुमणा. प्रयोग कोणता? कर्मणि. तिन्ही उत्तरें बिनचूक, आणि समजलें मात्र कांहींच नाहीं! इंग्रजी उताऱ्यावर पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थीही कधीं कधीं नेमका याच स्थितींत असतो.

व्याकरणाचेंही तसेंच आहे. 'रामानें आंबा खाल्ला' हा मराठींत कर्मणि प्रयोग. आंब्याच्या जागीं चिंच आली कीं क्रियापद 'खाल्ली' होतें. म्हणून कित्येक मुलें त्याचें इंग्रजी 'पॅसिव्ह व्हॉइस'मध्यें करूं पाहतात. वास्तविक तेथें साधें 'राम एट द मँगो' हेंच योग्य. 'मी दोन वर्षांपासून येथें राहतो' यांतील वर्तमानकाळ पाहून मुलें 'आय लिव्ह' असें लिहितात. इंग्रजीला मात्र 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' असें म्हणावें लागतें. नियम तोंडपाठ असूनही चूक होते. कारण वाक्य काय सांगतें हें न पाहतां त्याचा सांचा तेवढा उचलला जातो.

कोणी म्हणतील, मराठींत विचार केल्यानेंच हें घडतें. मुलांनीं मराठी विसरावी. मला तें पटत नाहीं. येथें मराठीचा सांचा आड आला, मराठींतील अर्थ नव्हे. आपल्याच वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या शिक्षण परिषदेनें शिक्षणाचें माध्यम मातृभाषा असावें असा ठराव केला. इंग्रजी शिकणाऱ्यानेंही त्यांतून एवढा बोध घ्यावा कीं, अर्थ आधीं आपल्या भाषेंत उमगावा, आणि मग परक्या भाषेच्या रीतीनें मांडावा. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. नुसतीं वाक्यें उचलून असलें कार्य सिद्धीस जात नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, उतारा दोनदां वाचा. पुस्तक मिटून त्यांतील मजकूर घरांत कोणाला तरी मराठींत सांगा. मग पुस्तक न उघडतां उत्तर आपल्या शब्दांत इंग्रजींत लिहा, आणि शेवटीं उतारा उघडून तें तपासा. आरंभीं उत्तरें मोडकींतोडकीं येतील, गुणही थोडे कमी पडतील. परंतु परीक्षेंत अपरिचित उतारा पुढें येतो, तेव्हां कोणतेंही गाइड कामास येत नाहीं, हीच संवय उपयोगी पडते.

पालकांसही एक विनंति आहे. 'आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय पाहणार?' असें म्हणून आपण दूर राहूं नये. मुलानें सांगितलेली हकीकत आपणांस समजली, तर त्याला उतारा समजला; तो अडखळला, तर त्यानें तो पुन्हां वाचावा. शेतावरून थकून आलेला बाप किंवा चुलीपाशीं बसलेली आई एवढी परीक्षा सहज घेऊं शकते. अशा घरांतील मुलाचें उत्तर लहान असेल, साधें असेल, परंतु तें त्याचें स्वतःचें असेल.