फुकटच्या नौकेचं बिल

२० जानेवारी २००४ रोजी भारताने रशियाशी करार केला. ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही नौका फुकट, पैसे मोजायचे ते फक्त दुरुस्ती आणि फेररचनेचे : ९७.४ कोटी डॉलर. ताबा २००८ मध्ये मिळणार होता. नौका ‘विक्रमादित्य’ होऊन नौदलात आली १६ नोव्हेंबर २०१३ रोजी आणि तोवर आकडा २३० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणावं, तर इथे कोंबडीचे चार आणेही नव्हते.

मुळात ही निव्वळ विमानवाहू नौका नव्हतीच. निकोलायेव्हच्या गोदीत बांधलेली ही नौका तेव्हाच्या ‘बाकू’ या नावाने १९८७ मध्ये सोव्हिएत नौदलात दाखल झाली ती विमानं बाळगणारी क्रूझर म्हणून. पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रं, मागे जागच्या जागी वर उठणारी याक विमानं. भारताला मात्र त्यावरून मिग-२९के उडवायची होती. त्यासाठी क्षेपणास्त्रांचे सांगाडे उपटायचे, टोकाशी वर उचललेला स्की-जंप बांधायचा, उतरणारं विमान अडवायला पोलादी दोर बसवायचे. नौका उघडल्यावर तर काम वाढतच गेलं. नुसती केबलच सुमारे २३०० किलोमीटर नव्याने टाकावी लागली. आणि हे सगळं पाणबुड्या बांधण्यात हयात गेलेल्या सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीत!

सप्टेंबर २०१२ मधल्या चाचण्यांत आठपैकी सात बॉयलरांनी मान टाकली. आतून ॲस्बेस्टॉस नको, असा भारताचा आग्रह होता. त्याऐवजी लावलेल्या विटा पूर्ण वेगाच्या आचेत टिकल्या नाहीत. आणखी एक वर्ष गेलं.

नव्या नौकेपेक्षा ही जुनी ६० टक्के महाग पडते, असा ठपका ‘कॅग’ने २००९ मध्येच ठेवला होता. दोनशे कोटी डॉलरच्या आत विमानवाहू नौका देतो कोण, हा तेव्हाचे नौदलप्रमुख सुरीश मेहता यांचा सवालही बिनतोड होता. नौदलाची जुनी विमानवाहू नौका ‘विराट’ थकली होती, नवी विकायला कुणी बसलं नव्हतं.

पण गरजवंताला अक्कल नसते, एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही. रशियाने २००७ मध्ये जादा पैसे मागितले तेव्हा नौका परक्या गोदीत सोलून ठेवलेली होती, हप्ते गेले होते, तिच्यासाठी १६ मिग विमानंही मागवून झाली होती. पाठ फिरवायची सोयच उरली नव्हती. आधी नौका उघडून पाहायची आणि मग किंमत ठरवायची, हा क्रम उलटा झाला, तिथेच सौदा हातचा गेला.  

कोचीत बांधलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ही रखडलीच. २००९ मध्ये कील बसवली, नौदलात आली २०२२ मध्ये, खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये. फरक एवढाच, की तिच्यासाठी भिलाईतूनही पोलाद गेलं. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा विषय निघेल तेव्हा बांधणीच्या किमतीसोबत पुढच्या ३० वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेबही संसदेपुढे ठेवायला हवा.