मोटार, डीपी आणि परदेशी मदत

मंडळी, आज जरा मोटारीबद्दल. चारचाकी नव्हे, विहिरीवरची. आमच्या बारामती-इंदापूरकडे नुसतं 'मोटार' म्हटलं की ती पाण्याचीच.

निमित्त असं, की 1 जुलै 2025 ला अमेरिकेच्या 'यूएसएड' या मदत संस्थेचं उरलंसुरलं काम तिथल्या परराष्ट्र खात्याने ताब्यात घेतलं. भारतात वीज बचतीवर तिने बरीच वर्षं काम केलं होतं. 'वेनेक्सा' नावाच्या प्रकल्पात बंगळूरजवळच्या दोड्डबल्लापूर भागात जुने शेतीपंप बदलून पाहिले. आपल्या शेजारच्या मंगळवेढ्यात केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (2001 च्या कायद्यातून 2002 साली जन्मलेलं बाळ) महावितरणबरोबर तसाच प्रयोग केला. दोन हजारांवर पंप बदलले, तेही शेतकऱ्याला फुकट.

कागदावर हिशेब चोख आहे. जुना पंप घेतलेल्या विजेतली जेमतेम पाव-तीस टक्के वीज पाणी उचलायला वापरतो, बाकीची उष्णता आणि आवाज. चांगला पंप निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे तेवढंच पाणी कितीतरी कमी विजेत!

'तेवढंच पाणी' हीच खरी गोम आहे. आमच्याकडे वीज येते ठरावीक तास, त्यातही आठवड्याआड रात्रपाळी. वीज आली की ऑटो स्विचवरची मोटार आपोआप सुरू होते आणि वीज जाईपर्यंत चालते. त्याच एचपीचा नवा पंप बसवला तर तो तेवढ्याच तासांत तेवढीच वीज खाणार, फक्त पाणी जास्त उपसणार. उजनीच्या फुगवट्यावर ज्यांच्या मोटारी आहेत त्यांना हे सांगायला नको. ऊस उभा असताना जास्तीचं पाणी परत कोण देईल? वीज वाचायची तर एचपी कमी करायला हवी, आणि पाचची काढून तीनची बसवा म्हटलं की आमचे मामा घरातून बाहेर काढतील. (मामा वाचत असाल तर रागावू नका.)

मामांचं चुकतं असंही नाही. डीपीवर जोड असतात मंजुरीपेक्षा जास्त, वर आकडे. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, आणि अशा वेळी नाजूक, कार्यक्षम मोटार आधी जळते. मग ती वायंडिंगवाल्याकडे जाते. तिथे घाईघाईत जी तार मिळेल ती भरली की कार्यक्षमतेचे तारे गळून पडतात. म्हणून शेतकरी जाड तारेची दणकट गावठी मोटार घेतो. वीज जास्त खाते, पण ऐन उन्हाळ्यात दगा देत नाही. त्याच्या दृष्टीने हीच कार्यक्षमता!

आणि बिलाचं काय? मीटर नसलेल्या जोडण्यांना वर्षानुवर्षं एचपीवर आकारणी होती. 2024 पासून तर साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत आहे. वाचवणाऱ्याच्या खिशात एक रुपयाही पडत नसेल तर त्याने का वाचवावं? याउलट एलईडी बल्ब बघा. सरकारी घाऊक खरेदीत 2014 ला 310 रुपयांचा बल्ब 2016 पर्यंत 38 वर आला, आणि बिल ज्याचं कमी झालं त्यानेच तो लावला होता. लोकांना भाषण द्यावं लागलं नाही.

परदेशी मदत नको असं मी म्हणत नाही. बारामतीकरांनी तरी म्हणू नये. साठच्या दशकात दुष्काळात 'कासा'मार्फत आलेल्या धान्याच्या मोबदल्यात जिरायत गावांत पाझर तलाव झाले. त्या कामातूनच 1971 साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. धान्य परक्यांचं, पण तलाव कुठे हवा हे गावाला ठाऊक होतं, आणि पाणी गावाच्याच विहिरीत उतरणार होतं.

पंपांच्या योजनेत मात्र यश मोजलं जातं वाचलेल्या युनिटांत, आणि ती युनिटं महावितरणची. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, व्होल्टेज द्या, दिवसा वीज द्या. 2017 पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेत निदान दिवसाच्या विजेचा विचार आहे, म्हणून ती मला पंपवाटपापेक्षा जास्त पटते. उद्या जर्मनी, जपान, कुणीही पैसे घेऊन आलं तर आधी डीपी वाढवा, कपॅसिटर बसवा, प्रत्येक डीपीवर मीटर लावून गावाला आकडा दाखवा, आणि वाचलेल्या विजेतला वाटा त्या डीपीवरच्या शेतकऱ्यांना रोख द्या. पंप ते स्वतःच बदलतील.

असो. इंदापूरकडच्या नातेवाइकांनी आपापल्या डीपीवर किती मोटारी आहेत ते जरूर कळवा. मंजूर किती आणि खऱ्या किती, दोन्ही!