हृदय सुधारले, मूत्रपिंडांचे काय?

नवजात अर्भकाच्या सदोष हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांस वाटते, संकट टळले. परंतु पुढील दोन-तीन दिवस खरी कसोटी असते ती मूत्रपिंडांची. अशा बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांत रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. त्या अवधीत, आणि नंतरही हृदय अशक्त असेतोवर, मूत्रपिंडांस रक्त अपुरे पडून अकस्मात इजा पोचू शकते. रक्तातील क्रिएटिनिन पाहावे, तर पहिल्या काही दिवसांत त्यात आईचाच अंश असतो. शिवाय इजेनंतर ते उशिरा वाढते. म्हणून परिचारिका तासातासाची लघवी मोजतात. वजनाच्या दर किलोस ती तासाला १ मिलिलिटरहून कमी होऊ लागली की डॉक्टर सावध होतात. अंगात पाणी साचत गेल्यास पोटात बारीक नळी घालून ते काढावे लागते. हे पाहून मातापित्यांनी खचू नये. पुष्कळ बालकांची मूत्रपिंडे पुनः कामास लागतात. मात्र ‘बाळ तहानले असेल’ या मायेने आजीबाईंनी चमचाभर पाणी किंवा गुटी चोरून देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती. बालक घरी आल्यावरही, डॉक्टर सांगतील तोवर, रक्तदाब व लघवी वेळोवेळी तपासून घेणे हे आम्ही साऱ्या घराचे कर्तव्य समजतो.