पाच स्वरांचे घर आणि बाहेरची वाट

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमचे वाद्यवादन सपशेल पडले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी सोसले आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. मी गिटारवर होतो, कन्नड विभागातला माझा मित्र की-बोर्डवर आणि आमच्याच वर्गातला तिसरा मित्र तबल्यावर. सुरुवात बरी झाली. पुढे मी जो प्रकार केला त्यावर मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दोन निकाल ऐकू आले. एक पक्ष म्हणाला, "बेसूर वाजवत होता." दुसरा पक्ष, म्हणजे माझे हितचिंतक, म्हणाला, "बेसूर नव्हे रे, ते मॉडर्न असते. त्यात कुठलाही स्वर चालतो." मला दोन्ही निकाल मान्य नाहीत. पहिला थोडा कमी चुकीचा आहे, एवढेच. या लेखात माझी बाजू मांडायची आहे, पण ती केवळ माझ्या बचावासाठी नाही.

मी जे वाजवू पाहत होतो त्याला जॅझवाले ‘आउटसाइड’ वाजवणे म्हणतात. साथीचा सूर जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि वाजवणाऱ्याने काही क्षण त्या सुराच्या घराबाहेर जाऊन परत यायचे. गंमत अशी की, यासाठी लागणारे साहित्य फार अवघड नाही. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला अगदी आरंभी जे पाच स्वरांचे स्केल देतात, तेच पुरते. त्याचे नाव मायनर पेंटाटॉनिक. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. हिंदुस्थानी संगीतात हे धानीचे स्वर, कर्नाटक संगीतात शुद्ध धन्यासीचे. ब्लूज आणि रॉक गिटारचा निम्मा संसार याच पाच स्वरांवर चालतो. त्याचे कारणही साधे आहे. या पाचांत कोणतेही दोन स्वर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नाहीत, म्हणून कुणी कुणाला घासत नाही. गिटारवर प्रत्येक तारेवर दोन बोटे आली की आकृती पूर्ण झाली. पाचव्या पडद्यावर ती आकृती बसवली की षड्ज येतो पांढरी सहावर.

पण ज्याला खटका नाही त्याचा कंटाळाही लवकर येतो. सहा महिन्यांत आपली बोटे तीच ती वळणे घेऊ लागतात. मग आमच्यासारखी मुले म्हणतात, पाच स्वर पुरत नाहीत, बारा पाहिजेत. माझे मत नेमके याच्या उलट आहे. बाहेर जायचे असेल तर या पाचांइतके भरवशाचे वाहन दुसरे नाही.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. डाव्या हाताने पांढरी सहा आणि पांढरी तीन दाबून ठेवा, म्हणजे षड्ज-पंचम झाले. उजव्या हाताने पांढरी सहा, एक, दोन, तीन आणि पाच एवढ्याच पट्ट्या वाजवा. ही आपली धानी. आता डावा हात न उचलता उजव्या हाताने फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. कोमल रिषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. पाचांपैकी एकही स्वर मघाच्या घरातला नाही. कान टवकारतील, कदाचित तोंडही वाकडे होईल. आता डावा हात उचला आणि त्याच काळ्या पट्ट्या नुसत्या वाजवा. काळी तीनपासून धरल्या तर भूप, काळी दोनपासून धरल्या तर पुन्हा तीच धानी, अगदी सुरेल! म्हणजे त्या पट्ट्यांत वाईट काही नव्हते. त्या एका नीटनेटक्या कुटुंबातल्या होत्या, फक्त ते कुटुंब दुसऱ्या गल्लीतले होते.

मुद्दा इथे आहे. बारा स्वरांतून वाटेल ते उचलून वाजवले तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पण बाहेरचे पाच स्वर त्यांच्या आपसातल्या नात्यासह आले, तर कान म्हणतो, हे माझ्या ओळखीचे नाही, पण याला काही रीत आहे. आपल्या बेळगावात हा अनुभव कुणाला नवा नाही. बाजारात माझी आई भाजीवालीशी मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नडचे एक अख्खे वाक्य बोलते आणि पुन्हा मराठीत येते. ज्याला कन्नड येत नाही त्यालाही कळते की ते वाक्य होते, अडखळणे नव्हते. उलट नुसतेच अर्धवट शब्द फेकणारा माणूस दोन्ही भाषांत परका ठरतो. बाहेरच्या स्वरांचेही असेच आहे. बाहेर जावे, पण पुरे वाक्य घेऊन जावे.

ही युक्ती कुणा एकाच्या डोक्यातून निघाली असे नाही, पण तिचा माग लागतो. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसच्या मंडळींनी ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केले. त्याचा आराखडा ३२ खंडांचा. पहिले १६ खंड पांढरी दोनच्या सुरात, पुढचे ८ अर्धा स्वर वर, म्हणजे काळी दोनमध्ये, आणि शेवटचे ८ पुन्हा मुळात. इथे अर्धा स्वर सरकणे रचनेतच होते आणि सगळे एकत्र सरकत होते. त्या ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनने पुढे ‘इम्प्रेशन्स’ची बांधणी याच आराखड्यावर केली. त्याच्या चौकडीत १९६० ते १९६५ पर्यंत पियानोवर मॅकॉय टायनर होता. टायनरचा डावा हात खालचा सूर घणासारखा ठोकून धरी आणि उजवा हात पाच-पाच स्वरांचे पुंजके घेऊन घराबाहेर फिरून येई. म्हणजे साथ सरकत नाही, फक्त वाजवणारा सरकतो. पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांची ही चाल गिटारवाल्यांनीही उचलली. १९८२ ते १९८५ या काळात माइल्स डेव्हिसकडेच वाजवणाऱ्या जॉन स्कोफील्डची गिटार ऐकावी. आत असताना तो इतका अस्सल ब्लूजवाला असतो की, बाहेर गेला तरी आपण त्याच्यावरचा विश्वास सोडत नाही.

गिटारवर ही गोष्ट पेटीपेक्षाही सोपी आहे आणि तोच तिचा धोका आहे. पाचव्या पडद्यावरची आकृती उचलायची आणि सहाव्यावर ठेवायची. बोटांना काही नवीन शिकावे लागत नाही. षड्ज पांढरी सहावरून काळी पाचवर गेला आणि पाचही स्वर एका क्षणात घराबाहेर पडले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे याचा एक तक्ता करून ठेवला आहे. आकृती सात पडदे वर नेली तर पाचांपैकी चार स्वर जुनेच राहतात, फक्त शुद्ध रिषभ नवा येतो. दोन पडदे वर नेली तर तीन राहतात, नऊ पडदे नेली तर दोन, चार पडदे नेली तर एक. एक, सहा किंवा अकरा पडदे सरकवली तर शिल्लक शून्य. म्हणजे बाहेर जाण्याच्या पायऱ्या आहेत; उंबरठ्यावर उभे राहता येते, अंगणात जाता येते, वेशीबाहेरही जाता येते. नवशिक्याने एकदम वेशीबाहेर उडी मारू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

आता माझ्या अपराधाकडे येतो. संमेलनाच्या दिवशी मी सहाव्या पडद्यावर गेलो आणि जाण्याच्या आनंदात केरव्याची चार आवर्तने तिथेच राहिलो. तालमीत आम्ही हे ठरवलेले नव्हते. की-बोर्डवरच्या मित्राचा कान तल्लख. त्याला वाटले, याने सूर बदलला, म्हणून त्याने धरून ठेवलेला षड्जही काळी पाचवर नेला. झाले! आता मी बाहेर नव्हतोच, सगळे घरच माझ्याबरोबर सरकले होते. मी पाचव्या पडद्यावर परत आलो तेव्हा घर रिकामे. तो घाईने खाली आला, तोवर मी घाबरून पुन्हा वर गेलो. मिळवलेला तबला तेवढा आपल्या जागी होता, पण त्या गोंधळात त्याचे कोण ऐकणार? शिट्ट्या आल्या त्या योग्यच होत्या.

आमचे आजोबा गल्लीतल्या भजनात पेटी धरतात. ते कार्यक्रमाला आले होते. घरी आल्यावर मी म्हणालो, "आजोबा, तुम्हाला ते स्वर आवडले नसतील." ते म्हणाले, "स्वरांचे राहू दे रे. मला एवढेच सांग, सा कुणाकडे होता?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मित्राने हेच कन्नडमध्ये सांगितले, "श्रुती बिडबेड." सूर सोडू नकोस. दोघांनी मला बाहेर जाऊ नकोस असे म्हटले नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

काही जण म्हणतील, हे परक्यांचे खूळ आपल्याकडे कशाला? त्यांना माझे उत्तर असे की, आपल्या गवयांनाही घर झाकणे आणि पुन्हा उघडणे माहीत आहे. तिरोभाव आणि आविर्भाव हे शब्द आपलेच आहेत. कर्नाटक संगीतात ग्रहभेद आहे, त्यात तेच स्वर ठेवून षड्ज क्षणभर दुसरीकडे कल्पितात. मोहनमचे स्वर रिषभापासून धरले की मध्यमावती ऐकू येतो. दोन्हींत फरक आहे, आणि तो मी लपवणार नाही. ग्रहभेदात पाच स्वर जागेवर राहतात आणि षड्ज हलतो. आउटसाइडमध्ये षड्ज जागेवर राहतो आणि पाचही स्वर हलतात. पण दोन्हीकडे काहीतरी एक हलत नाही. जिथे सगळेच हलते तिथे प्रवास होत नाही, नुसती पळापळ होते. शिवाय परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपली पेटी कुठून आली तेही आठवावे. युरोपातून आलेल्या या वाद्याला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके मज्जाव केला होता. आज तिच्याशिवाय आपले भजन सुरू होत नाही.

आणि "कुठलाही स्वर चालतो" म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांना जॉन मॅक्लॉफ्लिनचे उदाहरण देतो. १९७१ साली महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढून विजेच्या गिटारवर ज्याने धुमाकूळ घातला, तोच गृहस्थ ‘शक्ती’मध्ये एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर मांडी घालून बसला. त्या गिटारला त्याने सुराच्या सात जादा तारा बसवून घेतल्या होत्या. ज्याच्या बोटांना कुठलीही वाट बंद नव्हती, त्याने सूर धरणाऱ्या तारा वाढवल्या, कमी केल्या नाहीत. यातून आम्ही काय शिकायचे ते उघड आहे.

वर्षभराच्या तालमीतून आम्ही तिघांनी काही नियम ठरवले आहेत. ते इतरांच्या उपयोगी पडावेत म्हणून लिहितो. षड्ज धरणाऱ्याने काही झाले तरी हलायचे नाही. बाहेर जाण्यापूर्वी तोच तुकडा आत एकदा स्पष्ट वाजवायचा, म्हणजे बाहेर गेल्यावर ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा ओळखता येतो. बाहेर दोन मात्रा राहायचे, फार तर चार. बाहेरचा स्वर ही उचल आहे, ती समेपूर्वी फेडलेली बरी. परतताना उडी मारायची नाही, अर्ध्या स्वराने घरात उतरायचे. काळी पाचवरून पांढरी सहा, सहाव्या पडद्यावरून पाचवा. आणि बाहेर असताना लय तसूभरही ढिली करायची नाही, कारण जो बिचकत जातो तो चुकला असेच सगळे समजतात.

शेवटी एक मागणी आहे, आणि ती याच विषयातली आहे. संमेलनाच्या अर्जावर कार्यक्रम कोणत्या विभागाचा, मराठी की कन्नड, असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी आम्ही तो रिकामा ठेवला. पुढे कुणीतरी त्यात पेन्सिलीने ‘इतर’ असे लिहिले आणि आमचा क्रम सर्वांत शेवटी गेला. पडलो ते आमच्या चुकीने, क्रमामुळे नव्हे, हे वर कबूल केले आहे. पण ‘इतर’ हे कुणाचेच घर नसते. माझी मराठी शाळा माझ्याबरोबर आहे, मित्राची कन्नड शाळा त्याच्याबरोबर आहे आणि दोघांचा षड्ज एकच आहे. तेव्हा या वर्षी त्या रकान्यात दोन्ही नावे लिहू द्यावीत, अशी संयोजकांना विनंती आहे. दोन मात्रा बाहेर जाऊन येण्याचे आम्ही तेवढ्यात उरकू. षड्ज या खेपेस मित्राच्या डाव्या हातात राहील, आणि आजोबा पहिल्या रांगेत बसणार आहेत.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग २