दुसरे मत : अविश्वास की जबाबदारी?

— द्वितीय वर्ष, कला

घरातले माणूस आजारी पडले आणि एका डॉक्टरच्या औषधाने गुण आला नाही, तर आपण दुसऱ्याकडे जातो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु गोठ्यातले जनावर पोटाच्या दुखण्याने महिनोन्‌महिने झिजत असले, तरी दुसऱ्या पशुवैद्याला दाखवणे आपल्याकडे गैर समजले जाते. “आपल्या डॉक्टरसाहेबांना काय वाटेल?” हा प्रश्न जनावराच्या जिवापेक्षा मोठा ठरतो. हा संकोच आपण सोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रहो, हे मी केवळ पुस्तक वाचून लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी, वह्या, एस.टी.चा पास हे सारे आमच्या म्हशीच्या दुधावर चालते. गेल्या वर्षी तिला पोटफुगी सुरू झाली. डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ होई, रवंथ थांबे. डॉक्टर येत, औषध पाजत, इंजेक्शन देत. दोन दिवस बरे जात आणि आठवड्याने पुन्हा तेच. असे चार महिने चालले. दूध आठ लिटरवरून तीनवर आले. मी दुसरीकडे नेण्याचा विषय काढला, तेव्हा वडील म्हणाले, “रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस आहे. त्याला दुखवून कसं चालेल?”

वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. खेड्यात पशुवैद्य म्हणजे आधार असतो, आणि तो आधार तुटण्याची भीती खरी असते. पण पोटाचे दुखणे समजून घेतले, म्हणजे ही भीती बाजूला का ठेवावी लागते ते कळते.

गाई-म्हशी चारा पुरता न चावता गिळतात आणि मग सवडीने रवंथ करतात. त्यामुळे वैरणीतली तार किंवा खिळा त्यांच्या नकळत पोटात जातो. पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीपोटात तो अडकतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये अंतर फार थोडे असते. टोकदार तार पुढे सरकली, तर ती हृदयापर्यंत पोचू शकते. प्लास्टिकच्या पिशव्या कोठीपोटात साठून राहतात. २०१८ साली राज्यात या पिशव्यांवर बंदी आली, तरी उकिरड्यावर त्या अजून दिसतातच. म्हशींमध्ये कधी छाती व पोट यांमधला पडदा फाटतो आणि जाळीपोट छातीत शिरते. तेव्हाही पोट वारंवार फुगते. लक्षण एक, कारणे अनेक! औषधाने वायू निघून जातो, कारण मात्र आतच राहते.

म्हणून पहिल्यांदा पोट फुगले, तर ते चाऱ्याने फुगले असे धरून औषध देणे योग्यच आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या वेळीही तेच घडले, तर ‘काय पाजायचे’ यापेक्षा ‘का फुगते’ हे विचारायला हवे. त्यासाठी शेण आणि रक्त तपासावे लागते, कधी एक्स-रे काढावा लागतो. या सोयी प्रत्येक गावच्या दवाखान्यात नसतात, आणि त्यात तिथल्या डॉक्टरांचा दोष नसतो. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी हे ठाऊक आहे?

शेवटी मीच धीर करून डॉक्टरांना विचारले. ते रागावले नाहीत. “मीही तेच सुचवणार होतो, पण खर्च तुम्हाला झेपेल की नाही, म्हणून बोललो नाही,” असे म्हणून त्यांनी दिलेल्या औषधांची यादी स्वतः लिहून दिली. म्हणजे संकोच दोन्ही बाजूंना होता, आणि मधल्या मध्ये मुके जनावर सोसत होते! आईने भिशी उचलली, टेम्पो केला. एक्स-रेमध्ये तार दिसली. शस्त्रक्रिया झाली. म्हैस वाचली, दूध सहा लिटरपर्यंत आले, पूर्वीइतके आले नाही. चार महिन्यांची किंमत ती एवढी.

याचा अर्थ दर आठवड्याला डॉक्टर बदलावा असा नव्हे. अर्धवट औषधे सोडून दारोदार हिंडल्याने दुखणे बळावतेच. दुसरे मत घ्यावे ते पहिल्या डॉक्टरांना सांगून, आधीचे सर्व कागद बरोबर नेऊन. दुसऱ्यानेही पहिल्याचेच निदान सांगितले, तरी खर्च वाया गेला असे मानू नये. निश्चिंतपणे उपचार करता येतात, हाही लाभच आहे.

यात आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींचे काम मोठे आहे. जनावराला बोलता येत नाही आणि आपल्या आईवडिलांना साहेबांपुढे बोलायचा संकोच वाटतो. आपण निदान लिहू तरी शकतो. पोट कोणत्या दिवशी फुगले, त्या दिवशी काय खाल्ले, शेण कसे होते, दूध किती निघाले, एवढे एका वहीत टिपून ठेवले, तर कोणत्याही पशुवैद्याला त्याचा उपयोग होईल. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा अशी एक वही गोठ्यात जरूर ठेवा.